बाथरूम नव्याने करताना: आधी पाणी कुठून जाणार ते ठरवा

बाथरूमचं काम काढायचं ठरलं की ठाण्यातलं काय, नवी मुंबईतलं काय, कुठलंही घर पहिल्या रविवारी टाइल्सच्या शोरूममध्ये जातं. तिथे एसी असतो, चहा मिळतो आणि तासाभरात भिंतीचा रंगही ठरतो. सोमवारी प्लंबर येतो, डक्टच्या, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या, खिडकीतून डोकं बाहेर काढून वर-खाली बघतो आणि सांगतो, "साहेब, कमोड तिकडे नाही जाणार." रंग ठरलेला असतो, जागा ठरलेली नसते.

म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. सांडपाणी घराबाहेर पडतं त्या भोकापासून सुरुवात करायची आणि टाइल्सपर्यंत शेवटी यायचं. पहिल्यांदाच हे काम काढणाऱ्यांसाठी हा लेख आहे. चार बाथरूम करून घेतलेल्यांना यातलं बरंच माहीत असेल.

पायरी १: डक्टमध्ये डोकावा

बाथरूमच्या खिडकीबाहेर जे उभे पाइप दिसतात, ते सोसायटीचे. तुमच्या घरातले आडवे पाइप ज्या जोडावर त्यांना मिळतात, तिथेच तुमचा नकाशा सुरू होतो. जुन्या इमारतींत, म्हणजे नौपाडा, पाचपाखाडी, वाशी, नेरूळ भागांत, बहुधा दोन वेगळे उभे पाइप असतात: एक संडासाचा, दुसरा न्हाणी आणि बेसिनच्या पाण्याचा. संडासाचा पाइप खाली थेट गटाराच्या चेंबरला जातो. न्हाणीच्या पाण्याचा पाइप जमिनीलगतच्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या छोट्या हौदात, पडतो आणि तो ट्रॅप उघडा असतो. अंतर वाचवायला कोणी कमोड न्हाणीच्या पाइपला जोडला, तर मैला तळमजल्यावाल्यांच्या खिडकीखाली वर येतो. "दोन्ही एकच आहेत, चालतं" असं म्हणणारा प्लंबर भेटला तर त्याला चहा पाजा आणि दुसरा शोधा.

काही इमारतींत तिसरा, बारीक पाइप गच्चीच्या वर तोंड उघडून उभा असतो. तो हवेचा. त्याच्यामुळे वरच्या मजल्यावर फ्लश केलं तरी तुमच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपच्या वळणात, वास अडवायला साठलेलं पाणी ओढलं जात नाही. निरुपयोगी समजून तो कापू किंवा बुजवू नका.

उभा पाइप बिडाचा आहे की पीव्हीसीचा, तेही बघून घ्या. जुना बिडाचा पाइप आणि नवा पीव्हीसी यांचा जोड हीच गळतीची नेहमीची जागा. सोसायटी येत्या वर्ष-दोन वर्षांत डक्टचे पाइप बदलणार असेल, तर तुमचं काम त्या सुमारास काढणं दोघांच्याही फायद्याचं.

पायरी २: तुमची इमारत कुठल्या काळातली?

यावर काय करता येईल आणि काय नाही, ते बरंचसं ठरतं.

सिडकोच्या जुन्या घरांत संडास आणि न्हाणी वेगवेगळे, दोन्ही अरुंद. मधली भिंत काढून एक मोठं बाथरूम करायची इच्छा सगळ्यांना होते. पण सिडकोच्या काही जुन्या प्रकारांत भिंतींवरच भार असतो. ती चार इंची आडभिंत आहे की भार घेणारी, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं. गवंड्याने ठोकून बघून नव्हे. शिवाय चार-पाच माणसांच्या घरात सकाळी सात वाजता संडास वेगळा असणं ही चैन आहे, ती मोडण्याआधी घरच्यांना विचारा.

ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या आरसीसी इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, साधारण ९ ते १२ इंच. याला सगळे 'संक' म्हणतात. त्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. ओली जागा या संकच्या हद्दीतच ठेवायची. बाथरूम दोन फूट बेडरूममध्ये वाढवायचं झालं तर तिथे संक नसतो, पाइपला उतार मिळत नाही आणि ते दोन फूट खालच्यांच्या बेडरूमवर येतात. सोसायटीने याला नकार दिला तर तो योग्यच.

घोडबंदर रोड, खारघर, उलवे इथल्या नव्या टॉवरांत तिसरीच गोष्ट असते. अनेक टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेले, बोलीभाषेत 'माइवान'चे. तिथे भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्याच असतात आणि त्यांत झिरी मारून पाइप बसवता येत नाही. सळई कापली गेली तर प्रश्न सगळ्या इमारतीचा. अशा घरात नवीन पाइप भिंतीच्या बाहेरून घ्यायचे आणि पुढे तीन-चार इंचांची खोटी भिंत किंवा कट्टा बांधून झाकायचे. तेवढी रुंदी आधीच मापातून वजा करा. संक कमी असल्यामुळे अशा इमारतींत तुमचे आडवे पाइप खालच्या घराच्या फॉल्स सीलिंगमध्येही असू शकतात. म्हणजे तुमच्या कामासाठी खालच्यांचं छत उघडावं लागणार. गोड बोलून ठेवलेलं बरं.

जाता जाता एक सल्ला: इमारत पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असेल, वाशीतल्या सिडकोच्या जेएन-वन, जेएन-टू प्रकारच्या किंवा नौपाड्यातल्या कित्येक सोसायट्यांसारखी, तर महागड्या फिटिंग्जचा मोह सोडा. पाइप बदला, वॉटरप्रूफिंग करा, साध्या टाइल्स लावा.

पायरी ३: सोसायटीची लेखी परवानगी

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नियमावलीनुसार, सदनिकेत फेरबदल करायला समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. अर्जाला हाताने काढलेला का होईना, पण मापांसह नकाशा जोडा आणि 'आरसीसीला हात लावणार नाही' असं त्यात लिहा. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल समितीकडे असायला हवा. त्यात तुमच्या बाथरूमच्या स्लॅबबद्दल काही म्हटलंय का ते वाचा.

त्याच दिवशी खालच्या घरी जा. त्यांच्या परवानगीने त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो काढून ठेवा, ओल असो वा नसो. संडास-सिंकच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी आपसांत समजुतीने करायचा, असं उपविधी सांगतात. समजूत काढताना फोटो फार उपयोगी पडतात.

पायरी ४: टेप, कागद, पेन्सिल

ठाण्यात सरसकट सापडणारं एक बाथरूम घेऊ: ७ फूट बाय ४ फूट. एका छोट्या भिंतीत दार, समोरच्या छोट्या भिंतीत डक्टची खिडकी. लांबीचे ८४ इंच असे वाटा: दाराशी बेसिनला २०, मध्ये कमोडला ३०, खिडकीशी शॉवरला ३४. कमोडचा मध्य दोन्ही बाजूंच्या अडथळ्यांपासून किमान १५ इंच हवा, म्हणून ३०. रुंदी ४८ इंच. कमोड भिंतीपासून साधारण २७ इंच पुढे येतो, समोर उरतात २१. गुडघ्यांना तेवढे लागतातच. म्हणजे गणित बसलं, पण काठोकाठ. यात एक मोठं कॅबिनेट घुसवलं की कोणाचे तरी गुडघे आपटणार.

ही मापं टाइल्स लावून झाल्यानंतरची. विटेच्या भिंतीवर प्लास्टर आणि टाइल मिळून एक-दीड इंच जातो, दोन्ही बाजूंचा मिळून दोन-तीन. जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या तर जागा आणखी कमी. प्लंबर उघड्या विटेपासून मोजतो, कमोड बसतो टाइलपासून. ही चूक इतकी नेहमीची आहे की मापं देताना कागदावर 'टाइल धरून' असं लिहूनच द्यावं.

दार आत उघडत असेल तर बेसिनचे २० इंच खातं. ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करता आलं तर करा. घरात आजी-आजोबा असतील तर बाहेर उघडणारंच हवं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगावर अडतं. कमोडशेजारी धरायच्या दांड्याची जागा आत्ताच ठरवली तर तिथे भरीव भिंत ठेवता येते.

आता उंच्या. बेसिनचा काठ ३२ ते ३४ इंचांवर. शॉवर साडेसहा ते सात फुटांवर. बादलीचा नळ मात्र नीट बघा, कारण शोरूमचे नकाशे आपण बादलीने आंघोळ करतो हे विसरतात. मोठी बादली १५ इंचांच्या आसपास उंच असते, त्यामुळे नळाचं तोंड १८ ते २० इंचांवर हवं आणि भिंतीपासून एवढं पुढे की धार बादलीच्या मध्यात पडेल. हेल्थ फॉसेट, म्हणजे कमोडशेजारचा हातात धरायचा फवारा, बसल्या जागेवरून हाताला लागतो का, हे खुर्चीवर बसून तपासा. हसतील घरचे, हसू द्या.

पायरी ५: वस्तू आधी निवडा, पाइप नंतर टाका

कमोड पी-ट्रॅपचा की एस-ट्रॅपचा, हा पहिला निर्णय. पी-ट्रॅपचं तोंड मागच्या भिंतीत जातं, तयार लादीपासून साधारण १८ सेंटिमीटर उंचीवर. कमोडची पाठ डक्टच्या भिंतीला असेल तर पी-ट्रॅप डोळे मिटून घ्या; पाइप सरळ बाहेर, लादीखाली काहीच नाही. वरच्या उदाहरणात कमोड लांब भिंतीला आहे, डक्ट त्याच्या मध्यापासून चार फुटांवर. तिथे एस-ट्रॅप येतो, त्याचं तोंड लादीत. भिंतीपासून त्या तोंडाच्या मध्यापर्यंतचं अंतर प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं: ४ इंच, ९ इंच, १२ इंच. पाइप १२ वर काढून ठेवला आणि दुकानात ९ चा आवडला, तर एक तर कमोडमागे तीन इंचांची फट राहते, नाहीतर फोडाफोड.

भिंतीला टांगलेला कमोड छान दिसतो, खालची लादी पुसता येते. पण त्याची लोखंडी चौकट आणि आतली टाकी भिंतीबाहेर पाच-सहा इंच जागा घेतात आणि ४८ इंचांच्या रुंदीत तेवढी जागा नसते. माझं मत विचाराल तर पाच फुटांपेक्षा अरुंद बाथरूममध्ये त्या वाटेला जाऊ नये.

डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी शॉवरकडे की नळाकडे ते वळवणाऱ्या कॉकचा, भिंतीत गाडायचा भागही आधी आणा. किती खोल बसवायचा याच्या खुणा त्यावर असतात. टाइलची जाडी धरून तो बसला नाही तर मूठ बसत नाही. गरम पाण्याचा पाइप डावीकडे, थंड उजवीकडे. साध्या वॉल मिक्सरसाठी, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या भिंतीवरच्या नळासाठी, दोघांत ६ इंच, तेही तंतोतंत.

पायरी ६: जाणारं पाणी

कमोडला ११० मिलिमीटरचा पाइप, न्हाणीला ७५ चा, बेसिनला ४० किंवा ५० चा. उतार फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच. चार फुटांना एक इंच लागला. उतार कमी पडला तर मैला अडतो. लादीखाली काटकोनी बेंड टाळा, दोन पंचेचाळीसचे बेंड वापरा. वळणावर तार घालून साफ करायला झाकण असलेला तुकडा असू द्या, आणि त्याचं झाकण डक्टच्या बाजूने उघडेल असं बघा.

नहाणी ट्रॅप शॉवरखालच्या कोपऱ्यात, दाराजवळ अजिबात नाही. त्यात ५ सेंटिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं. ते पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. महिनाभर गावाला गेलं की ते वाळतं. परत आल्यावर येणाऱ्या वासाचं कारण बहुतेक वेळा तेवढंच, तांब्याभर पाणी ओतलं की जातो. बेसिनचं पाणीही याच ट्रॅपमधून नेलं तर तो कोरडा पडत नाही. वॉशिंग मशीन बाथरूममध्ये येणार असेल तर तिच्या पाण्याचं तोंड दोन फूट उंचीवर वेगळं काढा, नाहीतर फेस जाळीतून वर येतो.

पायरी ७: वॉटरप्रूफिंग, आणि इथे घाई नको

सगळ्या कामातला सर्वांत रटाळ आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. तो कुणाला दिसत नाही, म्हणून यातच दिवस वाचवले जातात.

जुना कोबा छिन्नी-हातोड्याने किंवा हलक्या यंत्राने काढून घ्या. जड ब्रेकर संकच्या पातळ स्लॅबला तडे देतो. स्लॅब उघडा झाला की नीट बघा. सळया गंजून फुगलेल्या दिसल्या तर काम तिथेच थांबवा आणि इंजिनिअरला बोलवा. गंज घासून काढणं, सळईला गंजरोधक लेप, पॉलिमर मॉर्टरने भरणं, हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग स्लॅबवर पहिला लेप. दोन हात, एकमेकांना आडवे, आणि भिंतीवर निदान फूटभर वर. कोपरे आणि पाइप भिंतीतून आरपार जातो ती जागा आधी भरून घ्यायची. गळती मधल्या सपाट भागातून क्वचितच होते, होते ती या दोन ठिकाणांहून. लेप वाळला की पाणी भरून ४८ तास ठेवा. पातळीची पेन्सिलने खूण करा आणि खालच्या घरी जाऊन छत बघा.

पाइप त्यानंतर टाकायचे, त्यांच्याखाली आधार देऊन. संकच्या तळाशी एक बारीक पाइप डक्टमध्ये काढून ठेवायला सांगा. पुढे कधी पाणी झिरपलंच तर ते खालच्यांच्या छतात न साठता त्यातून बाहेर ठिबकेल, आणि तुम्हाला कळेलही. बरेच मिस्त्री हे करत नाहीत, सांगितलं तर करतात.

वर कोबा, त्यावर दुसरा लेप, पुन्हा ४८ तास पाणी. हा लेप शॉवरच्या भिंतींवर सहा-सात फुटांपर्यंत न्या. पलीकडे बेडरूमचं कपाट असेल तर त्याच्या पाठीला येणारी बुरशी याने थांबते. "एकदा भरलं होतं ना पाणी, परत कशाला?" असं विचारलं जाईल. पहिलं पाणी स्लॅबची परीक्षा घेतं, दुसरं कोब्याची आणि पाइपांभोवतालच्या जागेची.

पायरी ८: येणारं पाणी

रेन शॉवर घेण्याआधी दाब तपासा. टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असते, म्हणजे ०.२ ते ०.३ बार. तिथे तो बशीएवढा शॉवर नुसता ठिबकतो. सोपी चाचणी: १० लिटरची बादली शॉवरच्या जोडाखाली धरा. भरायला मिनिटापेक्षा बराच जास्त वेळ लागला तर साधा, लहान भोकांचा शॉवर घ्या. सोसायटीच्या लाइनला परस्पर पंप जोडणं हा उपाय नव्हे. तो शेजाऱ्यांचं पाणी ओढतो.

आतले पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे, मुख्य पाऊण इंची, प्रत्येक नळाला अर्धा इंची. जुने गंजलेले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप अर्धे ठेवून अर्धे बदलू नका. अनेक सोसायट्यांत फ्लशला बोअरचं पाणी वेगळ्या लाइनने येतं. ही लाइन आणि महापालिकेच्या पाण्याची लाइन कुठेही एकत्र करू नका, मध्ये कॉक ठेवूनसुद्धा नाही. हेल्थ फॉसेटला कुठलं पाणी द्यायचं, तेही प्लंबरला स्पष्ट सांगा. बाथरूमपुरता बंद करायचा कॉक हाताला येईल असा ठेवा, गिझरच्या मागे नको.

भिंती बुजवण्याआधी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब द्या, साधारण ७ किलो (म्हणजे ७ बारच्या आसपास), आणि काही तास काटा हलत नाही ना बघा. मग भिंतीला टेप लावून फोटो काढा. पुढे टॉवेलची दांडी बसवताना ड्रिल कुठे मारायचं नाही, ते यातून कळतं.

पायरी ९: वीज

दोन किलोवॉटच्या गिझरला बोर्डापासून वेगळी लाइन, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच. जुन्या इमारतींत अर्थिंग नुसतं नावाला असतं, ते मोजून घ्या. स्विच दाराबाहेर.

महानगर गॅसची लाइन घरात आहे म्हणून गॅस गिझर बाथरूममध्ये लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. बंद जागेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. त्याला ना रंग, ना वास, आणि त्याने माणसं दगावतात.

पायरी १०: आता टाइल्स

लादीसाठी खरखरीत, मॅट. शॉवरच्या भागात लहान टाइल घेतली तर उतार नीट जमतो. दोन बाय चारच्या मोठ्या टाइलला चारही बाजूंनी जाळीकडे उतार देताच येत नाही. उतार फुटाला एक सूत पुरतो. बाथरूमची लादी बाहेरच्यापेक्षा अर्धा-एक इंच खाली, मध्ये ग्रॅनाइटचा उंबरा. सांधे इपॉक्सीने भरा. ठेकेदाराला सांगून दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे थांबतं ते बघा. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.

कामाची वेळ निवडताना दोन गोष्टी: मे महिन्यात निम्मे कारागीर गावाला असतात, आणि गणपतीआधीच्या महिन्यात सगळ्या ठाण्याला एकाच वेळी घर नीट करून हवं असतं. पावसात आतलं काम चालतं, पण डक्टमध्ये झुल्यावर कोणी चढत नाही. डेब्रिजच्या गोण्या कुठे जाणार ते ठेकेदाराकडून लिहून घ्या. रात्री खाडीकाठच्या कांदळवनात रिकामा होणारा टेम्पो स्वस्त पडतो, पण तो गुन्हा आहे. उरलेल्या टाइल्सची एक पेटी परत करू नका, माळ्यावर ठेवा. दोन वर्षांनी एखादी फुटली तर त्याच छटेची टाइल दुकानात मिळत नाही.